उधारीची वही आणि बाईंचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं सांगायला मुख्याध्यापक दुकानात आले तेव्हा मी गुळाची ढेप फोडत होतो. स्नेहसंमेलनं, कबड्डीचे सामने, चिंचेचं झाड यांवर बाकीचे लिहितीलच. मी एकाच तासाबद्दल लिहितो. शुक्रवारचा शेवटचा, नीतिशिक्षणाचा.

मी पाचवीत दाखल झालो 1980 साली. शाळा तेव्हा चार वर्षांची, चर्चच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत भरायची. आमचं घर माळकरी. "मिशनच्या शाळेत घालताय, पोरगं बाटलं म्हणजे?" असं अण्णांना दोघातिघांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "गणित चांगलं शिकवतात म्हणे." विषय संपला.

रोज प्रतिज्ञा झाली की प्रभूची प्रार्थना व्हायची. येशूने शिष्यांना शिकवलेली. आम्ही ती पाढ्यासारखी म्हणायचो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथवर मला काही अडचण नव्हती. भाकर आमच्याकडेही रोजच लागायची. पण पुढची ओळ आली की मी अडखळायचो. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मी किराणा दुकानदाराचा मुलगा. शाळेतून घरी गेलो की गल्ल्याशेजारी बसून लाल कापडी वहीत उधारी मांडणं हे माझं काम. आणि सकाळी हात जोडून मी काय म्हणत होतो, तर ऋण सोडलं आहे! धडधडीत खोटं.

सातवीत एका शुक्रवारी मी उभा राहून विचारलंच. "बाई, ऋण सोडलं तर दुकान कसं चालणार?" वर्ग खदाखदा हसला. कारण बाईंचं स्वतःचं खातं आमच्याच दुकानात होतं आणि त्या महिन्याची बाकी 43 रुपये 60 पैसे होती, हे माझ्याखेरीज निदान सहा जणांना ठाऊक होतं. बाई लाल झाल्या, मग त्याही हसल्या. "खडू घे," म्हणाल्या.

त्यांनी गोष्ट सांगितली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली, अठराव्या अध्यायातली. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला क्षमा किती वेळा करायची, सात वेळा? येशू म्हणतो, सात नव्हे, सातांच्या सत्तर वेळा. आणि एका राजाची हकिगत सांगतो. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांत येणं असतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. "मांड हिशेब," बाई म्हणाल्या. मी फळ्यावर मांडला. 6,00,00,000 दिवस. वर्षाचे कामाचे दिवस 300 धरले तरी दोन लाख वर्षं! वर्गात कुणीतरी शिट्टी घातली. चाकर पाया पडतो, राजाला कळवळा येतो आणि तो सगळं कर्ज सोडून देतो. बाहेर पडल्यावर त्याच चाकराला सोबतचा एक चाकर भेटतो. त्याच्याकडे याचे शंभर दीनार असतात, म्हणजे चारेक महिन्यांची मजुरी. हा त्याचं नरडं धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाच्या कानावर हे जातं तेव्हा पुढे काय होतं, ते सांगायला नकोच.

"पण बाई, मग राजाचे पैसे बुडालेच की," मी म्हणालो.

या वाक्यावर बाई खुर्चीतून उठल्या. चाळीस वर्षांनंतरही त्यांचं उत्तर मला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण ते दुकानाच्या भाषेत होतं. "अण्णांनी माझ्या खात्यावर रेघ मारली तर साखर पोत्यात परत जाते का रे? नाही. ती मी खाल्ली. मग तिचे पैसे कुणी भरले? अण्णांनी. क्षमा फुकट नसते. ज्याचं येणं असतं, त्याच्या खिशातून ती जाते. आम्ही ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे बघतो ते याच नजरेनं. माणसाच्या पापाची बाकी देवानं नुसती खोडली नाही, स्वतः भरली. याला आम्ही कृपा म्हणतो. ती कमवता येत नाही, फक्त घेता येते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी काही अण्णांना 'सोडा' म्हणू शकत नाही. सोडायचं ते ज्याचं येणं आहे त्यानं. मी आपली एक तारखेला भरणार."

आणि भरलेही. एक तारखेला संध्याकाळी, पाच रुपयांच्या नोटांत.

ख्रिस्ती धर्माबद्दल मला जे काही कळतं ते या एका उत्तराभोवती जमा झालेलं आहे. बाकीच्या गोष्टी वर्षभर तुकड्यातुकड्यांनी आल्या. पवित्र शास्त्र म्हणजे एक पुस्तक नसून कपाट आहे: जुन्या करारात 39 पुस्तकं, नव्यात 27. कॅथलिकांच्या बायबलमध्ये आणखी सात. बाप्तिस्म्याचं पाणी आणि प्रभुभोजनाची भाकर या दोन्ही गोष्टी आम्ही चर्चच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. नाताळ तर काय, मित्रांच्या घरच्या करंज्या-चकल्यांमुळेच पाठ. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरिया मातेची, यात्रा भरते, तिथे आमच्या चर्चचे लोक फारसे का जात नाहीत, हेही एकदा विचारून झालं. बाईंनी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हा फरक पाच मिनिटांत उरकला. मरिया मातेचा मान दोघांनाही आहे, पण तिच्याकडे प्रार्थनेची रदबदली आम्ही मागत नाही, एवढंच.

त्रैक्यावर मात्र त्या अडल्या. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघे, तरी देव एकच. मी लगेच हात वर केला, "म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश!" बाई म्हणाल्या, "आकडा जुळतो, गोष्ट जुळत नाही." 325 साली निकिया इथे धर्मगुरूंची परिषद भरली आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं तिथं ठरलं, हे त्यांनी सांगितलं. पुढे उदाहरण द्यायला लागल्या, बर्फ, पाणी, वाफ. आणि मध्येच थांबल्या. "हे उदाहरण चुकीचं आहे. मलाही पुरतं कळलेलं नाही." शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ईस्टरच्या आधीच्या तासाला त्या वेगळ्याच असायच्या. शुक्रवारी येशूला पुरलं, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे गेल्या. वाटेत त्यांना काळजी एकच, दारावरची धोंड कोण लोटणार? पोचतात तो धोंड लोटलेली. "हे घडलं नसेल तर आमचा सगळा विश्वास फोल आहे. प्रेषित पौलानंच तसं लिहून ठेवलंय," बाई म्हणायच्या. एवढा मोठा डाव एकाच पत्त्यावर लावलेला बघून मला त्या वयात जरा भीतीच वाटली होती.

तास संपताना पेटीवर भजन व्हायचं. बरीचशी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचा. मला ते ठाऊक नव्हतं तेव्हाही चाल ओळखीची वाटायची. घरी एकादशीला अण्णा म्हणायचे त्याच वळणाची. मी ख्रिस्ती झालो नाही. अण्णांची माळ आज माझ्या गळ्यात आहे. वहीही आहे, आता अर्धी मोबाईलमध्ये. ती मी फाडलेली नाही. पण बुडीत निघालेल्या गिऱ्हाइकाच्या दारात मी चारचौघांत कधी उभा राहिलो नाही. यात बाईंचा वाटा किती आणि माझ्या भिडस्तपणाचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

सुवर्णमहोत्सवाला इंग्रजीत जो 'ज्युबिली' शब्द आहे तोही बाईंनीच उलगडला होता. सात गुणिले सात वर्षं झाली की पन्नासावं वर्ष योबेल वर्ष. एडक्याचं शिंग फुंकायचं, दास मोकळे करायचे, गहाण-विक्रीत गेलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यायची. जुन्या करारातलं लेवीय, अध्याय पंचवीस. हे मला नेमकं आत्ता आठवायला कारण आहे.

दहावीच्या परीक्षेआधी, मार्च 1986 मध्ये, मी ग्रंथालयातून मार्कच्या शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका नेली होती. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत आटोपशीर, म्हणून निवडलेली. ती परत केली नाही. परवा माळ्यावर अण्णांच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात सापडली, शाळेच्या जांभळ्या शिक्क्यासकट. तेव्हा दंड दिवसाला पाच पैसे होता. यंदाच्या मार्चपर्यंत चाळीस वर्षं, म्हणजे 14,610 दिवस. एकूण 730 रुपये 50 पैसे. पुस्तिका आणि पैसे दोन्ही एका पाकिटात घालून समारंभाला आणतो आहे. घ्यायचे की रेघ मारायची ते ग्रंथपालांनी ठरवावं. येणं त्यांचं आहे.