सावोनलिन्ना: सायमाच्या पाण्यात आई

हेलसिंकीत येऊन दोन वर्षं झाली तरी सायमा हे फिनलंडमधलं मोठं तळं बघायचं राहूनच गेलं होतं, या जुलैत आई साताऱ्याहून आली आणि मग ठरवलंच. पारिक्कालाला ट्रेन बदलून एका डब्याची छोटी डिझेल गाडी घेतली, आणि पुंकाहार्यू आलं तशी आई खिडकीला जी चिकटली ती चिकटलीच. हिमयुगाने मागे ठेवलेला वाळू-खडीचा अरुंद बांध, सात किलोमीटर लांब, वर पाइनची उंच झाडं आणि दोन्ही बाजूंना पाणी.

सावोनलिन्ना बेटांवर वसलेलं गाव आहे. फिनलंड रशियन साम्राज्यात होता तेव्हा पीटर्सबर्गची श्रीमंत मंडळी इथे हवापालटाला, औषधी स्नानं घ्यायला यायची. पण गावाचा खरा धनी म्हणजे ओलाविनलिन्ना किल्ला, १४७५ साली बांधायला घेतलेला, थेट पाण्यातून वर आलेला. त्याच्या बाजूला प्रवाहाला इतका जोर आहे की हिवाळ्यातही तिथलं पाणी सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात किल्ल्याच्या आतच ऑपेरा होतात, पहिला महोत्सव १९१२ चा. तिकिटं फार महाग होती, म्हणून आम्ही नुसतेच बाहेर फिरलो.

बाजारात बंदरापाशी मुइक्कू खाल्ले, राय (rye) या धान्याच्या पिठात घोळवून बटरमध्ये तळलेले इवलेसे मासे, आपल्या मांदेलीसारखे काट्यासकट कुरकुरीत. आणि लॉर्त्सी! अर्धचंद्र, हुबेहूब करंजी, आत सफरचंद. आईने दोन खाल्ल्या.

संध्याकाळी सौना, म्हणजे गरम वाफेचं स्नान. आधी आई नकोच म्हणत होती, बीपीचा त्रास आहे ना, पण खालच्या बाकावर थोडाच वेळ बसायचं असं ठरलं. तिथे एक आजी होत्या, त्यांनी तापलेल्या दगडांवर पळीने पाणी टाकलं आणि चर्र आवाज होऊन वाफ अंगावर आली, या वाफेला फिनिशमध्ये लॉयल्यू म्हणतात. मग बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी भिजवून आमच्या हातात दिली. पश्चिमेकडे तिला विह्ता म्हणतात, इकडे सावो प्रांतात वास्ता. खांद्यांवर हलकेच मारायची. ओल्या पानांचा असा काही वास सुटला की आई म्हणाली, "अगं, पहिल्या पावसात आपल्या परसात असाच वास यायचा."

बाहेर आल्यावर तिने थोडं अंग निवू दिलं आणि मग लाकडी धक्क्याच्या शिडीवरून हळूहळू तळ्यात उतरली. चौसष्ट वर्षांची माझी आई, आयुष्यात पहिल्यांदा असं मोकळ्या पाण्यात! मी शिडीपाशीच होते.

इथला नोर्प्पा, म्हणजे सायमाचा सील, जगात फक्त याच तळ्यात राहतो आणि आता पाचशेच्या आसपासच उरलाय. पिल्लं जाळ्यात अडकून मरू नयेत म्हणून त्यांच्या भागात वसंतात मासेमारीच्या जाळ्यांवर बंदी असते, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आम्हाला तो काही दिसला नाही. रात्रीचे साडेदहा वाजले तरी उजेड होता, आई धक्क्यावर टॉवेल गुंडाळून पाण्याकडे बघत होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.