तुम्ही विचारलंत म्हणून: फादरांच्या बोर्डिंगात मला बाटवलं का

नाही. बाटवलं नाही, तसा प्रयत्नही झाला नाही, कुणी गळ्यात क्रॉस घातला नाही की गोमांस खायला लावलं नाही. हे मी साताऱ्यात राजवाड्यावर चहा पिताना सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, सासुरवाडीला सांगितलंय, आणि आमच्या कॉलनीच्या गणपतीत तर दरवर्षी सांगतो, कारण मी टाळ घेऊन आरतीला उभा राहिलो की कुणीतरी हमखास म्हणणारच, "हे ख्रिश्चनांच्या बोर्डिंगात होते, पण आरत्या बघा कशा तोंडपाठ." मी हसतो. आता हसायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

शाळेचं नाव विचारू नका. आपल्या जिल्ह्यातली नव्हती एवढं पुरे. आणि मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलचा नि तिचा काही संबंध नाही, ते प्रेस्बिटेरियन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट. आमचे फादर कॅथलिक, पोपला मानणारे. आपल्याकडं सातारा-सांगलीत सगळ्यांना सरसकट 'मिशनवाले' म्हणायची पद्धत आहे, पण मी जे सांगणार आहे ते प्रोटेस्टंटांकडं घडलंच नसतं, त्यांच्यात फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगायची भानगड सहसा नसते.

तिथं गेलो कसा, तर वडील पाटबंधारे खात्यात, कोयना झालं की धोम, धोम झालं की आणखी कुठं, शाळेचा पत्ता नाही. त्यांना मला सैनिक स्कूलला घालायचं होतं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात, १९६१ चं, त्याचा त्यांना कोण अभिमान, पण डोळ्यांना नंबर निघाला आणि मेडिकललाच गचकलो. मग कुणीतरी फादरांचं नाव सुचवलं. आई रडली. आजोबा मात्र तयार, कारण ते स्वतः कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात वाढलेले, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, भाकरी पोरांनीच थापायच्या, दळण पोरांनीच आणायचं. ते एवढंच म्हणाले, "परार्थना आसती न्हवं तितं? मग झालं."

प्रार्थना होती, भरपूर होती. पहाटे बेल झाली की कॅथलिक पोरं मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, चॅपलमध्ये आणि आम्ही बाकीचे स्टडी हॉलमध्ये पेंगत. त्यांना कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास, आम्हाला त्याच वेळी मॉरल सायन्स. एकदा नवीन आलेला आमच्यातला एक पोरगा बाकीच्यांच्या मागं कम्युनियनच्या लायनीत जाऊन उभा राहिला, फादरांनी त्याच्या जिभेवर प्रसाद ठेवला नाही, कपाळावर अंगठ्यानं खूण करून जागेवर पाठवलं. ज्यांना बाटवायचं असतं ते असं करतात का, तुम्हीच सांगा. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातही आहे, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आणि खुद्द व्हॅटिकननं १९६५ साली जाहीर केलंय की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी चालणार नाही. राखेच्या बुधवारी मात्र आम्ही सगळे जायचो, कपाळाला राख लावून घ्यायला, त्याला कुणाची ना नव्हती, आणि आजीला मी ते पत्रात कळवलं तर ती खूश, म्हणाली म्हणे, विभूती लावतात म्हणजे माणसं चांगली असणार.

आता एवढं झाल्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पेढ्याकडं वळतो. मीही पूर्वी इथंच थांबायचो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तर मी माईकवरून भाषण ठोकलंय, शिस्त, सचोटी, सेवा, टाळ्या पण पडल्या. ते भाषण कुणाच्या फोनमध्ये असेल तर डिलीट करा. खोटं नव्हतं त्यात काही, पण त्यात मेसमधला पोरगा नव्हता.

तो आपल्याच जिल्ह्यातला, माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. आमच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा. रिफेक्टरी, म्हणजे जेवणाचा हॉल, झाडायचा, भांडी उचलायचा, सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात पण झाडू मारायचा. शाळेत मराठी बोललं की दंड होता (हो, होता, ही पण एक गोष्ट आहे जी मी भाषणात सांगितली नाही), त्यामुळं दिवसभर मोडकं इंग्रजी बोलून तोंड आंबलं की मी ताट ठेवायच्या निमित्तानं मागच्या दाराला जायचो आणि त्याच्याशी बोलायचो. "काय रं सातारकर, पाऊस हाय का तिकडं?" एवढंच असायचं, माणातला माणूस दुसरं काय विचारणार.

१९९१ चा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. त्यात आम्ही सगळ्यांनीच, हिंदू असो मुसलमान असो, खाऊचे पैसे वाचवून व्हरांड्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत टाकायचे, ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याला जायचे. मला ती पद्धत आवडायची, अजून आवडते. एका सोमवारी पेटी उघडली तर जवळजवळ रिकामी. शे-दीडशे तरी रुपये असायला हवे होते. व्हरांड्याची किल्ली कुणाकडं, तर माणच्या पोराकडं. मंगळवारी दुपारी तो पत्र्याची ट्रंक घेऊन गेटबाहेर पडताना मी वर्गाच्या खिडकीतून बघितला. पोलीस नको म्हणाले म्हणे रेक्टर, दया दाखवली.

पैसे कुणी घेतले ते मला माहीत होतं. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या दोस्तानं. वसईचा, कॅथलिक, घरी मराठीच बोलणारा, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारा, त्याची आई मला पण केळ्याच्या सुकेळ्या पाठवायची. त्यानं शनिवारी रात्रीच मला सांगितलं होतं, पेटीचा गवगवा व्हायच्या आधी, आणि कसं सांगितलं, तर हसत, हलका होऊन. कारण शनिवारी कन्फेशन असायचं, म्हणजे फादरला आपली पापं सांगून माफी मागायची. बाहेरच्या चर्चमधले एक म्हातारे फादर लुनावरून यायचे, जाळीपलीकडं बसायचे, पोरं लायनीनं जायची. यानं सांगून टाकलं होतं. प्रायश्चित्त म्हणून थोड्या 'नमो मरिया' प्रार्थना आणि पैसे परत टाक असा हुकूम. "टाकतो रे सुट्टीवरून आलो की, पण माझं क्लिअर झालं बघ."

मंगळवारी रात्री मी त्याला म्हणालो, तो पोरगा गेला ना हकनाक, जा रेक्टरला सांग. तो म्हणाला, "मी देवाला सांगितलंय, आता रेक्टरला कशाला?" आणि कूस बदलून झोपला. झोपला पण! मी जागा. आमच्याकडं दिवे घालवायच्या आधी एक मिनिट शांत उभं राहायचं असायचं, आज मी कुणाचं वाईट केलं का ते आठवायचं. ही सवय सगळ्यांना होती, बाप्तिस्मा झालेला असो नसो. फरक एवढाच की त्यांनी आठवलेलं शनिवारी जाळीपाशी रिकामं करून यायचं, आणि आम्ही काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. या मुद्द्यावर मी फादर लोकांशी अजून भांडू शकतो. हिशोब ठेवायला शिकवलात, तो मिटवायची सोय फक्त तुमच्या पोरांना.

बुधवारी रात्री स्टडी संपल्यावर मी रेक्टरच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, फादर, मला कन्फेशन करायचंय. ते हसले नाहीत. म्हणाले, बाळ, ते तुला देता येत नाही, त्याला बाप्तिस्मा लागतो, पण बस, काय असेल ते सांग. मी बसलो आणि सांगितलं. सगळं, नाव घेऊन.

ते म्हणाले नाहीत की हे कन्फेशन नाही त्यामुळं हे इथंच राहील असं समजू नकोस. म्हणायला हवं होतं. तेरा वर्षांच्या पोराला हा फरक काय कळणार? आमच्या मॉरल सायन्सच्या सरांनीच गोष्ट सांगितलेली, प्रागच्या जॉन नेपोमुकची, राणीनं कन्फेशनमध्ये काय सांगितलं ते राजाला सांगेना म्हणून १३९३ मध्ये नदीत बुडवून मारला म्हणे, आख्यायिका आहे, पण आमच्या अंगावर काटा आला होता. फादर म्हणजे जीव गेला तरी बोलणार नाही, एवढंच डोक्यात बसलेलं.

तुम्ही म्हणाल, मग तुला नक्की हवं काय होतं? माणचा पोरगा परत यावा असं वाटत होतं तर रेक्टरनं काहीतरी करायलाच हवं होतं ना? बरोबर आहे. मी पण स्वतःला हेच विचारतो. मला तो परत यायला हवा होता आणि वसईकरला काही व्हायला नको होतं आणि मी सांगितलं हे कुणाला कळायला नको होतं. तिन्ही.

गुरुवारी वसईकरला ऑफिसात बोलावलं, त्यानं कबूल केलं. शनिवारी त्याचे वडील आले, न्यायला. आणि शनिवार म्हणजे म्हातारे फादर पण आले, नेहमीसारखे, लुना स्टँडला लावत होते. वसईकर वडिलांचा हात सोडवून व्हरांड्यातून धावत गेला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "तुम्ही सांगितलंत! तुम्ही त्यांना सांगितलंत!"

म्हातारे फादर काही बोलले नाहीत. 'मी नाही' एवढंसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं घाबरले असतील. पुढं कळलं की बोलताच येत नाही. कन्फेशनमधलं बाहेर काढलं तर फादर आपोआप बहिष्कृत होतो आणि ते माफ करायचा अधिकार फक्त रोमला, त्यामुळं स्वतःला वाचवायला देखील 'तू मला सांगितलेलं मी फोडलं नाही' असं म्हणायची सोय नाही, कारण मग सांगितलं होतंस हे कबूल होतं. १९८३ च्या त्यांच्या चर्चच्या कायद्यात असंही आहे की रेक्टरनं स्वतःच्याच बोर्डिंगातल्या मुलांचं कन्फेशन ऐकू नये, एखाद्या मुलानं आपणहून मागितलं तरच. म्हणून तर ते म्हातारे बाहेरून यायचे. नियम किती विचार करून केलेला, आणि आमच्यात त्याचा असा विचका झाला.

मी कुठं होतो? पाण्याच्या टाकीपाशी, दहा-बारा पावलांवर. आणि रेक्टर पायरीवर उभे. त्यांना सरळ म्हणता आलं असतं की कुणी सांगितलं ते. त्यांच्यावर कुठलं बंधन नव्हतं, माझं काही कन्फेशन नव्हतंच. ते पण गप्प राहिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणजे मला वाचवलं, आणि त्या म्हाताऱ्याला तसंच उभं ठेवलं. यात चांगलं काय नि वाईट काय, मला अजून लावता आलेलं नाही. कधी वाटतं असा माणूस परत भेटला नाही. कधी वाटतं एका पोराच्या सोयीसाठी एका म्हाताऱ्याची इभ्रत घालवली.

माणच्या पोराला रेक्टरनी पत्र पाठवलं, चूक झाली, परत ये, म्हणून. आला नाही. पुढं कामानिमित्त दहिवडीला गेलो तेव्हा चौकशी केली, मुंबईला माथाडीत गेला एवढंच कळलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर मी सांगून काय फायदा झाला? झाला, त्याच्यावरचा चोरीचा डाग गेला, असं मी म्हणतो. ज्या गावात डाग लागलाच नव्हता तिथं तो गेला काय नि राहिला काय, असं माझी बायको म्हणते.

वसईकर पुढं चर्चला जायचा बंद झाला. कायमचा. लग्न कोर्टात केलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणी फादरांचा फोटो टाकला की तो अजून लिहितो, ज्यांनी सील (कन्फेशनची गुप्तता) मोडलं त्यांचं कौतुक मला सांगू नका. ते म्हातारे फादर जाऊन वर्षं झाली. तेव्हा तुम्ही विचारता ना की त्या बोर्डिंगात कुणाचा धर्म गेला का, तर गेला, एकाचा. जन्मानं कॅथलिक होता, आणि त्यात माझा हात आहे.

सांगितलं ते चुकलं असं मला वाटत नाही, हे स्पष्ट लिहितो. परत तेरा वर्षांचा झालो तर परत सांगीन. नंतर एवढी वर्षं गप्प का बसलो त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते फादरांच्या शिकवणीवर ढकलायचं म्हटलं तर ते पण जमत नाही, त्यांनी तर उलटंच शिकवलं होतं.

दुसरा प्रश्न, मग स्वतःच्या मुलाला का नाही घातलंत तिथं. धर्माचा काही संबंध नाही त्यात. दिवे जायच्या आधीचं ते एक मिनिट, पन्नाशी आली तरी रोज रात्री माझं सुरूच आहे, आणि ते पोराला द्यावं की देऊ नये यावर आमच्या घरात इतकी वर्षं चर्चा झाली की तो इथंच दहावी होऊन गेला.

हे ग्रुपवर पण टाकतोय. वसईकर मराठी वाचतो, माझ्यापेक्षा चांगलं. त्याला जे म्हणायचंय ते तो म्हणेल. आणि तुमच्या पोराला कुठल्या बोर्डिंगात घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फी किती नि जेवण कसं ते ऑफिसात विचारा, मला विचारू नका.