'सामना' न बघता बाद कसा करता?

परवा रात्री ठाण्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर सिनेमांच्या खेळात 'सामना' हा जुना मराठी सिनेमा पहिल्याच फेरीत बाद झाला. समोर 'अशी ही बनवाबनवी' होता, त्यामुळे जिंकेल अशी आशा मलाही नव्हती, हरला त्याचं एवढं काही नाही. पण मतं पडल्यावर मी विचारलं की ज्यांनी सामनाला उडवलं त्यांच्यातल्या किती जणांनी तो बघितलाय, तर वर्तकनगरवाला म्हणाला "थोडासा, यूट्यूबवर", घोडबंदरवाली म्हणाली "नाव ऐकलंय गं", आणि बाकीच्यांनी नुसते हसण्याचे इमोजी टाकले. म्हणजे न बघताच! तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय.

खेळ तुम्हाला माहीत असेलच, सध्या सगळ्यांच्या ग्रुपवर असलंच काहीतरी चालू असतं. सोळा मराठी सिनेमे, रोज रात्री साडेनऊला दोन समोरासमोर, ज्याला मतं कमी तो बाद, आणि प्रत्येकाकडे अख्ख्या खेळात एक जीवदान, ते वापरून बाद झालेला एक सिनेमा परत आणता येतो. तुमच्या साडेनऊला इथे रॉटरडॅमला हिवाळ्यात पाच वाजतात, मी ऑफिसमधून निघायच्या गडबडीत असते, तरी मत टाकल्याशिवाय सायकलला हात लावत नाही. यादी तर फार छान केली होती कोपरीवाल्याने. 1936 च्या 'संत तुकाराम' पासून 'सैराट' पर्यंत, मध्ये 'श्यामची आई', 'पिंजरा', 'सिंहासन', 'जैत रे जैत', 'उंबरठा', 'धूमधडाका', 'श्वास', 'डोंबिवली फास्ट', 'कोर्ट'. अशी यादी करणाऱ्याला सिनेमा कळतो. मग मत देताना काय होतं कोण जाणे.

मला हे एवढं लागण्याचं कारण म्हणजे त्याच आठवड्यात मी इथल्या फिल्म फेस्टिव्हलला जाऊन आले होते. 1972 पासूनचं आहे हे, जानेवारीच्या शेवटी भरतं, गावभर थिएटरं असतात, थंडी वाऱ्यात लोक सायकली मारत एका शोवरून दुसऱ्या शोला जातात. आणि इथे प्रेक्षकांचं मतदान असतं ते ऐका. एक छोटा कागद हातात मिळतो, त्याच्यावर एक ते पाच आकडे. सिनेमा संपला की तुम्हाला जेवढे मार्क द्यायचेत त्या आकड्यापाशी कागद फाडायचा आणि बाहेर पडताना देऊन टाकायचा. पेन नको, लॉगिन नको, काही नको. शेवटची नावं पडद्यावर सरकत असतात आणि अख्ख्या हॉलमध्ये कागद फाटल्याचा टर्रटर्र आवाज येत असतो, मला तो आवाज इतका आवडला की मी नावं संपेपर्यंत माझा कागद फाडलाच नाही. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी दोनवर फाडला. मी चार दिले होते. मला त्यांचा जराही राग आला नाही, कारण ते माझ्याइतकाच वेळ त्या खुर्चीत बसले होते, एकदाही मोबाईल काढला नाही, उठून गेले नाहीत, आणि मग दोन दिले. दोन दिले पण बघून दिले! ज्याने सिनेमा बघितला त्याच्याच हातात कागद, एवढा साधा प्रकार आहे आणि त्यात केवढा मान आहे सिनेमा करणाऱ्याचा.

म्हणून मी ग्रुपवर सुचवलं की आपणही नियम करूया, जो सिनेमा पूर्ण बघितला नाही त्याच्या सामन्यात मत द्यायचं नाही, गप्प बसायचं. झालं. "तिकडचे नियम तिकडे ठेव", "आम्ही काय आता परीक्षा द्यायची का", "मॅडम, आम्ही लोकलला लटकून आठ वाजता घरी येतो, त्यानंतर तुझा ब्लॅक अँड व्हाइट बघायचा का?" वगैरे वगैरे. एकाने तर सरळ लिहिलं की जे ठाण्यात राहात नाहीत त्यांनी नियम करू नयेत.

हे मला लागलं, लपवत नाही. मी सिनेमा बघायला शिकले ती ठाण्यातच, आईबाबांचं बोट धरून मल्हारला सिनेमे, गडकरीला नाटकं, परत येताना तलावपाळीला कुल्फी. इथे आल्यापासून उलट मी जास्त मराठी सिनेमे बघते, ठाण्यात असताना बघायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण इथे घरात मराठी आपण आणली तरच येते. आणि माझ्याकडे वेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, इथे धुणीभांडी, स्वैपाक, फरशी सगळं आपलं आपण करतो, पोळ्यांच्या काकू नाहीत, पाऊस आडवा येतो आणि त्यातून सायकल मारत घरी यायचं. तरी बघते. सामना काही चार तासांचा नाहीये हो.

आणि बघा ना एकदा, का नाही बघत! 1970 च्या दशकातला, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखान्यावर, गावावर, पोलिसांवर, सगळ्यावर हात असलेला हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि त्याच्या गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. हिंदुराव त्याला घरात ठेवून घेतो, खाऊ घालतो, पाजतो, आणि तोच मास्तर मग मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत सुटतो. हा प्रश्न तुम्ही कितीदा ऐकलाय सांगा. पेपरात येतो, भाषणात येतो, आमच्या ग्रुपवर तर कुठला घोटाळा निघाला की पहिला मेसेज हाच, आणि टाकणारा हाच वर्तकनगरवाला. ज्या सिनेमातला प्रश्न तू गेली कित्येक वर्षं वापरतोयस तोच सिनेमा तू न बघता बाद करतोस, हे मला सहनच होत नाही. त्या दोघांचे जे सीन आहेत ना, नुसते बसून बोलतात, पण निळूभाऊंच्या डोळ्यात एकाच वेळी लाड आणि धमकी दिसते, असं काम आजही मला कुठे दिसत नाही. 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या स्पर्धेत होता. बर्लिनवाल्यांनी बघितला, आणि ठाण्यात पाचपाखाडीत बघवत नाही?

बनवाबनवीवर माझा राग नाही हे आधीच सांगते, नाहीतर खाली सगळे तुटून पडतील. 1988 पासून आजपर्यंत तो लागला की कोणी चॅनल बदलत नाही, हे काय सोपं आहे का. आणि इथे घर शोधताना तर त्याची इतकी आठवण यायची. नेदरलँड्समध्ये घरांची टंचाई भयंकर आहे, एका फ्लॅटसाठी रांगा, पगाराची कागदं द्या, मालक कोणाला पसंत करेल सांगता येत नाही, एका घरमालकाने तर आम्हाला फोनवर हो म्हणून प्रत्यक्ष भेटल्यावर नाही म्हटलं. तेव्हा मी आणि नवरा घरी येऊन बनवाबनवीच बघत बसलो होतो. त्यातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांना निदान जोडपी तरी चालत होती. तर तो सिनेमा शेवटपर्यंत जाऊ दे, जिंकू दे, माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की समोरच्याला बघून हरवा.

आता इथलं सगळंच चांगलं असंही नाही. आजोबांनी दोन मार्क दिले, कागद दिला, कोट घातला आणि निघून गेले. मला त्यांना विचारायचं होतं की का आवडला नाही, पण इथे अनोळखी माणसाला असं विचारलेलं चालेल का याचा अंदाजच येत नाही. ऑफिसमधली मैत्रीण सोबत होती, तिला विचारलं तर "छान होता" म्हणाली आणि ट्रेनची वेळ बघायला लागली. आपल्याकडे सिनेमा सुटल्यावर खरा सिनेमा चालू होतो. आमच्या ग्रुपवर त्या रात्री डोंबिवली फास्टमधला माधव आपटे शेवटी बरोबर होता की चूक यावरून कोपरीवाला आणि घोडबंदरवाली तुमच्या एक वाजेपर्यंत भांडत होते, उद्या दोघांनाही लोकल पकडायची होती. 'श्वास' ऑस्करला गेला तेव्हा त्याच्या खर्चासाठी लोकांनी, शाळेतल्या पोरांनी पैसे जमवले होते, आठवतंय ना? एवढा जीव लावणारी माणसं मी तरी इथे बघितलेली नाहीत. म्हणून तर जास्त वाईट वाटतं, ज्यांना एवढं भांडता येतं त्यांना बघायला काय होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी की जुने सिनेमे नीट बघायला मिळत नाहीत. मी जी सामनाची प्रत बघितली ती इतकी पुसट की रात्रीच्या सीनमध्ये नुसते आवाज. इथे ॲमस्टरडॅमला सिनेमाचं म्युझियम आहे, पाण्याच्या कडेला मोठी पांढरी इमारत, तिथे जुन्या फिल्म दुरुस्त करून मोठ्या पडद्यावर दाखवतात, तरुण पोरं तिकीट काढून येतात. पण आपल्याकडे काहीच नाही असं कोणी म्हणू नका, पुण्याला फिल्म अर्काइव्ह 1964 पासून आहे. तिथल्या फिल्म ठाण्याला यायला हव्यात. घाणेकर नाट्यगृहात महिन्याला एक जुना मराठी सिनेमा लावला तर मी सुट्टी टाकून येईन.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, भांडण वाढलं असतं. कोपरीवाल्याच्या आईला फोन केला. त्या काकू आम्हा सगळ्यांच्याच काकू, शाळेत असताना त्यांच्याकडे आम्ही किती साबुदाणा खिचडी खाल्लीये. त्याही ग्रुपवर आहेत, पण फक्त मत देतात, बोलत नाहीत. म्हटलं, "काकू, तुम्ही सामना बघितलाय का हो?" तर म्हणाल्या, "अगं, लग्नाच्या आधी बघितला होता, तुझ्या काकांना माहीत पण नाही." आणि मग अर्धा तास त्या बोलत होत्या, मास्तर कसा होता, हिंदुरावाची कशी भीती वाटायची, आणि बाहेर पडल्यावर त्यांचे वडील कसे घरापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. मी विचारलं, "मग तुम्ही सामनाला मत का नाही दिलंत?" तर म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हा मुलांचा खेळ आहे, आमच्या वेळचं कशाला मध्ये आणा."

काल तुमच्या रात्री पावणेदहाला काकूंचा ग्रुपवर पहिला मोठा मेसेज आला. माझं जीवदान सामनाला, आणि रविवारी दुपारी माझ्याकडे या, टीव्हीवर लावते, ज्याला यायचं नाही त्याने त्या सामन्यात मत देऊ नये. नियम मी सुचवला तेव्हा परीक्षा होती, काकूंनी सांगितल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे. असो, त्याचं मला काही नाही, झालं ना काम. वर्तकनगरवाला येताना मामलेदारची मिसळ आणणार आहे म्हणे. मी व्हिडिओ कॉलवर असणार, इथे सकाळ असेल, चहा घेऊन बसेन.

पुढची फेरी सामना विरुद्ध सिंहासन लागलीये. दोन्हीकडे जब्बार पटेल, दोन्हीकडे तेंडुलकर, दोन्हीकडे निळू फुले आणि लागू, एकीकडे गाव, दुसरीकडे मंत्रालय. मी सामनालाच मत देणार. तुम्ही दोन्ही बघितले असतील तर खाली लिहा, आणि कारणासकट लिहा.