मन केले ग्वाही

देव न मानणं मला वारशाने मिळालं. आमच्या घरात देवघर नव्हतं. महात्मा फुले आणि मार्क्स यांच्या तसबिरी होत्या. बाबा कामगार चळवळीतले. नवस, मुहूर्त, व्रतवैकल्यं, सगळ्याची उत्तरं घरात तयार असायची आणि प्रश्न पडायच्या आधीच मला ती तोंडपाठ होती. संघटनेच्याच एखाद्या भूमिकेवर शंका काढली तर मात्र बाबा म्हणायचे, "तुझं वाचन अजून कमी आहे." विषय तिथेच मिटायचा. श्रद्धाळू घरातली माझी मैत्रीण न विचारता हात जोडायची, मी न विचारता पाठ फिरवायचे. यात माझं असं काय होतं, हे मला पुढे फार टोचू लागलं. म्हणून ज्याला आमच्याकडे सरसकट अंधश्रद्धा म्हटलं जायचं ते स्वतः चालून पाहायचं ठरवलं आणि आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले, ओळखीतल्या एका दिंडीत.

दिवे घाट चढून सासवडच्या तळावर पोचलो तेव्हा पाय बोलत नव्हते. बसायला जागा शोधत होते, तर बाया म्हणाल्या, थांब, समाजआरती व्हायचीय. दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, हजारो टाळ एकदम वाजत होते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड वर केला आणि सगळे टाळ जागच्या जागी थांबले. फक्त एका कोपऱ्यातून आवाज येतच राहिला. कुणाला तरी कळलं नसेल, असं मला वाटलं. शेजारची मावशी म्हणाली, "त्यांची तक्रार आसंल काहीतरी. ऐकून घेतल्याबिगर ते टाळ थांबवायचे न्हाईत." चोपदार खरोखरच त्या दिंडीकडे गेले, म्हणणं ऐकून घेतलं, मग टाळ थांबले. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली आणि मग आरती झाली. एवढ्या अफाट जमावात एका दिंडीला न पटलेलं मांडायची सोय हैबतबाबांनी सुरू केलेल्या या सोहळ्याच्या शिस्तीतच आहे. हे आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण, कुणी पाहायलाच गेलं नव्हतं.

ही मावशी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तुळशीवृंदावन घेऊन चालायची. टाचांच्या भेगांत मेण भरायची आणि सकाळी पुन्हा सगळ्यांच्या पुढे. तिला मी एकदा विचारलं, आपल्या दिंडीत मानाची वीणा बाईच्या गळ्यात का नसते? जनाबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा यांचे अभंग तर आपण रोज म्हणतो. ती म्हणाली, "पयल्यापासून तसंच हाय बाई." हाच प्रश्न दिंडीतल्या एका जाणत्या गृहस्थांना विचारला. त्यांनी प्रेमाने समजावलं, "माउली, आधी चार वर्षं चाला, मग कळेल." मला बाबांचा आवाज ऐकू आला. शब्द तेवढे वेगळे होते.

आणि हेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी चालताना तुकोबांचा चरण डोळे मिटून म्हणत होते: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥" त्यांच्या मागे आम्ही सगळेच म्हणत होतो. बहुमत मानलं नाही, असं एका सुरात म्हणणारी एवढी माणसं! मला त्या ओळीने झोप लागू दिली नाही. खऱ्याखोट्याचा साक्षीदार आपलं मन. ग्रंथ नाही, गुरू नाही, बाप नाही, संघटनाही नाही.

सदाशिवनगरच्या गोल रिंगणात माझी खरी कसोटी लागली. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो; त्यावर प्रत्यक्ष माउली बसतात, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अश्व समोरून सुटला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला, डोळे भरले. तो गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मावशीने माझ्याही कपाळाला लावली, मी लावू दिली. रात्री राहुटीत पडल्या पडल्या हिशोब मांडला. काटा आला हे खरं. पण माझ्या अंगावर काटा आला म्हणून घोड्यावर कुणी बसलेलं होतं असं ठरत नाही. बाबांनी तो काटाच उडवून लावला असता, मावशीला त्यातच पुरावा दिसला असता. मला दोन्ही पटेना. देव नाही, हे मी आधीही म्हणत होते. त्या रात्री पहिल्यांदा ते माझ्या कारणांनी म्हटलं.

माळशिरसहून बाबांना फोन केला. "भजनात रमलीस वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, रमले. पण देव अजून पटलेला नाही. आणि तुमच्याही काही गोष्टी पटत नाहीत, त्या आल्यावर बोलू." बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पायांना फोड आलेत का ते विचारलं.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे, तिथे गेले. ज्यांचे अभंग आम्ही वाटभर गायलो त्या चोखोबांना जातीमुळे देवळाच्या आत जाता आलं नाही. त्यानंतर शतकानुशतकं वारी याच दारापर्यंत येत राहिली, चोखोबांच्या लोकांना दार बंदच राहिलं. शेवटी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना इथे उपोषणाला बसावं लागलं. गुरुजी विठ्ठलाला मानणारे होते, आणि तरीही रूढीला मान द्यायचं त्यांनी नाकारलं. श्रद्धावान माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करू शकत नाही, हे घरातून आलेलं माझं गृहीतक त्या समाधीपाशी गळून पडलं.

बाबांशी बोलणं झालं, अजून चालू आहे. कधी आवाज चढतात, आई मध्ये पडते. दिंडीप्रमुखांना मी वीणेबद्दल पत्र लिहिलं आहे आणि पुढच्या वारीआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी विनंती केली आहे. पत्राखाली सही करायला मावशी तयार झाली नाही. पण बैठकीला मी तुझ्या शेजारी बसेन, म्हणाली.