रात्रपाळी, धरणं आणि फोर्ट जॉर्जचं बेट

5 एप्रिल 2023, बुधवार. मॉन्ट्रियलमध्ये सकाळपासून पाऊस होता आणि जिथे पडेल तिथेच गोठत होता. इथले लोक त्याला व्हेर्ग्ला म्हणतात. दुपारपर्यंत आमच्या वृद्धनिवासासमोरच्या मेपलच्या फांद्यांवर बोटभर बर्फ चढलं. मग त्या भाराने फांद्या कडाडकन मोडून तारांवर पडायला लागल्या आणि वीज गेली. त्या दिवशी क्वेबेक प्रांतात दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, त्यातले सगळ्यात जास्त आमच्या शहरातले.

मी इथे नर्स आहे. वीज गेली की आधी ऑक्सिजनवाले बघायचे. कॉन्सन्ट्रेटर भिंतीवरच्या लाल सॉकेटला लावायचे, कारण जनरेटरचा पुरवठा तेवढ्याच सॉकेटना असतो. मग हवेच्या गाद्या, मग इन्सुलिनचा फ्रीज. एवढं उरकलं की थंडी. इथली बहुतेक घरं विजेवरच गरम होतात. भिंतीच्या पायथ्याशी लांबलचक पत्र्याचे हीटर असतात, ते थंड पडले की दोन-तीन तासांत खोलीत बसवत नाही. जेवणघर जनरेटरवर होतं. एकच लिफ्ट चालू होती, तिने सगळ्यांना पांघरुणांसकट खाली आणलं. पुढच्या पाळीची माणसं रस्त्यात अडकली, म्हणून मी आणि माझी मदतनीस रात्रीही थांबलो. ती उत्तरेकडच्या चिसासिबी गावची, क्री या इथल्या मूळ रहिवासी समाजाची. वयाने लहान, बोलायला कमी, पण हात फार चांगला.

झोप कुणालाच येत नव्हती. विषय निघाला 1998 चा. त्या जानेवारीत असाच पाऊस दिवसेंदिवस पडला, लोखंडी मनोरे वाकले, लाकडी खांब हजारोंनी मोडले. मॉन्ट्रियलच्या आग्नेयेला सेंट-यासिंत, ग्रॅन्बी आणि सेंट-झाँ यांच्यामधल्या पट्ट्याला तेव्हापासून ‘काळा त्रिकोण’ म्हणतात. तिथल्या एक आजी सांगत होत्या, जवळजवळ महिनाभर शेजारची चार कुटुंबं त्यांच्या एका चुलीवर जेवली.

त्यावर शाविनिगानचे आजोबा बोलायला लागले. वय 86, कंबरेचं हाड मोडल्यापासून खुर्चीत, पण आवाज खणखणीत. त्यांच्या गावाला मोठा धबधबा आहे आणि त्याच्यावर वीज करणारी कंपनी प्रांतातली सगळ्यात मोठी खासगी वीजकंपनी होती. ‘‘नदी आमची, कामगार आम्ही, आणि वरचा साहेब इंग्रजी. माझे वडील त्याच्याशी बोलताना टोपी काढून हातात धरायचे. फ्रेंचमध्ये विचारलं तर तो उत्तर द्यायचा नाही.’’ मॉरिस द्युप्लेसी मुख्यमंत्री होते तोवर, म्हणजे 1959 पर्यंत, हे असंच चाललं. शाळा आणि इस्पितळं चर्चकडे, खाणी आणि गिरण्या बाहेरच्या भांडवलाकडे. 1961 च्या जनगणनेवरून पुढे केंद्राच्या आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा या प्रांतात ऐंशी टक्के असलेले फ्रेंच भाषक कमाईत जवळजवळ तळाशी निघाले. स्वतःच्याच भूमीवर.

1960 मध्ये झाँ लसाज निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. त्यांचे खाणी-वीजमंत्री रने लेवेक, आधीचे टीव्हीवरचे पत्रकार. ते खडू-फळा घेऊन वीजकंपन्यांचा कारभार लोकांना समजावून सांगायचे, असं आजोबांना अजून आठवतं. नोव्हेंबर 1962 ची निवडणूक खासगी वीजकंपन्या सरकारने घ्याव्यात का, या एकाच प्रश्नावर लढली गेली. घोषणा होती ‘मेत्र शे नू’, आपल्या घराचे मालक आपण. आजोबांचं वय तेव्हा पंचवीस. लसाज जिंकले आणि 1 मे 1963 रोजी अकरा खासगी कंपन्या हायड्रो-क्वेबेक या प्रांताच्या सरकारी वीजकंपनीने ताब्यात घेतल्या. 60 कोटी डॉलरच्या वर खर्च आला. पैसा मॉन्ट्रियलच्या इंग्रज सावकारांना टाळून न्यूयॉर्कमधून उभा केला. दोन वर्षांत लोकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळायला प्रांताने स्वतःची गुंतवणूक संस्थाही काढली. इथल्या पुष्कळ उद्योगांत आजही तिचा पैसा आहे.

आजोबा मग मानिकुआगान नदीवरच्या धरणावर कामाला गेले. तेरा कमानींचं, 214 मीटर उंच. ‘‘नकाशे फ्रेंचमध्ये, हुकूम फ्रेंचमध्ये, शिव्यासुद्धा फ्रेंचमध्ये!’’ तिथून मॉन्ट्रियलला वीज आणायची म्हणजे शेकडो किलोमीटर. इतक्या लांब नेताना वाटेत फार गळती होते, म्हणून दाब वाढवावा लागतो. हायड्रो-क्वेबेकच्या इंजिनिअरांनी 1965 मध्ये जगातली पहिली 735 किलोव्होल्टची वाहिनी उभी केली. सप्टेंबर 1968 मध्ये उद्घाटनाला मुख्यमंत्री डॅनियल जॉन्सन आले. आदल्या संध्याकाळी लसाज आणि लेवेक या दोन्ही विरोधकांचे हात हातात घेऊन त्यांनी फोटो काढला आणि त्याच रात्री धरणावरच्या मुक्कामात त्यांचा मृत्यू झाला. सकाळी धरणावर कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही, असं आजोबा म्हणाले.

त्रिकोणातल्या आजी मध्येच म्हणाल्या, ‘‘तुम्ही धरणं बांधलीत, पण मला माझ्या पगाराचं बँकेतलं खातं नवऱ्याच्या सहीशिवाय मिळत नव्हतं, ते कोण सांगणार?’’ त्या स्वतः नर्स, चर्चच्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या. 1964 मध्ये क्लेअर कर्कलंड-कासग्रँ यांनी कायदा आणला तेव्हा लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने व्यवहार करता आले. कर्कलंड या इथल्या विधानसभेतल्या पहिल्या बाई. साठच्या दशकातल्या या सगळ्या बदलांना इथे ‘शांत क्रांती’ म्हणतात; आजींच्या लेखी शांत क्रांती ती. मला हे फार पटलं.

कोपऱ्यात एक इंग्रजी बोलणाऱ्या बाई होत्या, विमा कंपनीत सेक्रेटरी होत्या. 1976 मध्ये क्वेबेक स्वतंत्र व्हावा म्हणणारा लेवेकांचा पक्ष, पार्टी क्वेबेक्वा, सत्तेवर आला, पुढच्या ऑगस्टमध्ये कामाच्या ठिकाणी फ्रेंच सक्तीची करणारा 101 क्रमांकाचा भाषा कायदा झाला आणि जानेवारी 1978 मध्ये सन लाइफने मुख्य कचेरी टोरांटोला नेत असल्याचं जाहीर केलं. पाच वर्षांत लाखाहून जास्त इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. बाईंचे दोन्ही भाऊ गेले, त्या राहिल्या. ‘‘हे माझंही घर होतं,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचं दुःख खरं आहे. पण कायद्याची बाजूही मला कळते. त्याच कायद्यामुळे नर्सच्या परवान्यासाठी मला फ्रेंच शिकावं लागलं. आपल्याच शहरात दुकानात मराठीतून बोलायला कचरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा कायदा का लागला हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

रात्र बरीच झाली होती. आजोबा आता उत्तरेकडच्या जेम्स बे या उपसागरावर पोचले होते. 1971 मध्ये मुख्यमंत्री रोबेर बुरासांनी जाहीर केलेली योजना, ला ग्रांद नदीवरचं डोंगराच्या पोटातलं वीजघर, 5,616 मेगावॅट. तिथल्या कामगार वसाहतीत ते होते. म्हणाले, ‘‘काय देश होता! रिकामा. आम्हाला सांगितलं होतं, तिथे कुणी नाही.’’

माझी मदतनीस सूप वाटत होती. तिने भांडं ठेवलं आणि थांबत थांबत फ्रेंचमध्ये म्हणाली, ‘‘माझी आजी होती.’’

मग ती बोलली. नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज नावाचं बेट, तिथे तिच्या लोकांचं गाव. धरणामुळे नदीचं पाणी वाढणार, बेटाचे काठ धुपणार, म्हणून 1980 च्या सुमारास सगळं गाव किनाऱ्यावर हलवलं. पुष्कळ घरं तर अख्खीच्या अख्खी उचलून नेली. जंगल बुडालं, पाण्याखाली कुजणाऱ्या माती-झाडोऱ्यातला पारा जिवाणूंमुळे विषारी झाला आणि माशांत उतरला. तिच्या आईला डॉक्टरांनी सांगितलं, मासे जपून खा. मासे हेच तर जेवण. न्यायमूर्ती मालूफ यांनी नोव्हेंबर 1973 मध्ये काम थांबवायचा हुकूम दिला होता, तो आठवड्याभरात वरच्या कोर्टाने उठवला. काम चालू असतानाच वाटाघाटी झाल्या आणि नोव्हेंबर 1975 मध्ये क्री लोकांशी करार झाला.

आजोबा गप्प झाले. इंग्रजी बाईंनी विचारलं, ‘‘मग 1995 ला तुमच्या लोकांनी काय केलं?’’ त्या 30 ऑक्टोबरला क्वेबेकने स्वातंत्र्याचा कौल 50.58 विरुद्ध 49.42 टक्क्यांनी नाकारला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी त्या रात्री हरण्याचं खापर पैशावर आणि परक्या वंशांच्या मतांवर फोडलं, ते आमच्यासारख्या स्थलांतरितांना आजही बोचतं. मुलगी म्हणाली, ‘‘आम्ही सहा दिवस आधीच आमचं वेगळं मतदान घेतलं. 96 टक्के लोक म्हणाले, आमच्या संमतीवाचून आम्हाला कॅनडातून काढू नका.’’

आजोबांनी 1995 मध्ये ‘होय’ म्हटलं होतं, आयुष्यभर त्या बाजूने. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी तिला खुर्ची ओढायला सांगितली आणि विचारलं, घर बेटाच्या कुठल्या बाजूला होतं? बोट लावायला जागा होती का? मासे कुठले? पहाटेपर्यंत ते विचारत होते आणि ती सांगत होती. एकदाच म्हणाले, ‘‘मला धरणाचा अभिमान आहे. तो सोडायला सांगू नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘नाही सांगत. पण रिकामा म्हणू नका.’’ ‘‘नाही म्हणणार,’’ ते म्हणाले.

मला हे ऐकताना राहवलं नाही, कारण माझी आजी कोयनेच्या खोऱ्यातली. शिवसागराच्या पाण्यात तिचं गाव गेलं. कोयनेची पहिली वीज निघाली 1962 मध्ये, ज्या वर्षी इथे आपल्या घराचे मालक व्हायची निवडणूक झाली. मीही ते त्यांना सांगितलं. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि खोऱ्यातल्या धरणग्रस्तांची कितीतरी कुटुंबं पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. मुलीने विचारलं, तुझ्या आजीला मोबदला मिळाला का? मी म्हटलं, जमीन मिळाली, पण दूर आणि खडकाळ. ती म्हणाली, आम्ही 2002 पर्यंत भांडलो. त्या वर्षी फेब्रुवारीत क्वेबेक सरकार आणि क्री लोकांमध्ये नवा करार झाला, पन्नास वर्षांत साडेतीन अब्ज डॉलर. पण त्यात आणखी एक नदी वळवायला संमती द्यावी लागली, आणि त्यावरून तिच्या घरात आजही दोन मतं आहेत.

वीज शुक्रवारी आली. गाद्यांचे पंप पुन्हा लावले, फ्रीजचं तापमान वहीत लिहिलं.

नव्याने येणाऱ्यांच्या फ्रेंच वर्गात आम्हाला 1960, 1977 आणि 1995 नीट शिकवलं होतं. क्री लोकांबरोबरचा करार एका वाक्यात उरकला, फोर्ट जॉर्जचं नाव आलंच नाही. ते यायला हवं. आता आपल्याकडची एखादी मुलगी इथे नर्सिंगला आली आणि क्वेबेकचा इतिहास कुठून वाचू असं विचारलं, तर मी तिला विजेपासून सुरुवात करायला सांगते आणि नकाशावर ला ग्रांद नदीचं मुख आधी दाखवते.