मोठ्या मुलांसाठी प्राचीन इतिहास: पुस्तकं, साइट्स निवडताना मी काय बघते

होमस्कूलिंग करणारे बरेच जण इतिहास चार वर्षांच्या चक्रात फिरवतात, म्हणजे आधी प्राचीन, मग मध्ययुग, मग त्याच्या पुढचं, मग आधुनिक आणि परत पहिल्यापासून. त्यामुळे पिरॅमिड, ममी, रोमन सैनिक वगैरे मुलांचं लहानपणी एकदा करून झालेलं असतं आणि बारा-तेराव्या वर्षी तोच प्राचीन इतिहास परत समोर येतो. इथे पालक खरे अडकतात, कारण ‘मोठ्या मुलांसाठी’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं लहान मुलांचंच पुस्तक असतं, फक्त अक्षर बारीक, पानं जास्त आणि सनावळ्या दुप्पट.

या वयातल्या मुलांना गोष्ट नुसती ऐकायची नसते, त्यांना वाद घालायचा असतो. आमच्याकडे मुलगी चौदाची आहे, धाकटा बाराचा, आणि काहीही सांगितलं की दोघांचा पहिला प्रश्न ‘कशावरून?’ मला हा प्रश्न फार आवडतो आणि मी सगळी निवड त्याच्यावरच करते. जे पुस्तक ‘असं घडलं’ म्हणून पुढे निघून जातं ते बाजूला, जे सांगतं की हे आपल्याला एका तुटक्या विटेवरून कळलं किंवा एका राजाने स्वतःच्या कौतुकात कोरून ठेवलं म्हणून कळलं, ते घरात.

पण विकत घेण्याआधी अख्खं पुस्तक वाचून बघणार कोण? मी दोन प्रकरणं उघडते, एक पिरॅमिडचं आणि एक मोहेंजोदडोचं, आणि तेवढ्यावर साधारण अंदाज येतो.

पिरॅमिडच्या प्रकरणात बघायचं ते हे की बांधले कोणी म्हणून लिहिलंय. एक लाख माणसं आणि वीस वर्षं हा आकडा हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचा आहे, आणि हिरोडोटस गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजानंतर दोन हजार वर्षांनी इजिप्तला गेला होता, म्हणजे त्याने जे लिहिलं ते त्याला तिथल्या लोकांनी सांगितलेलं. त्यानंतर गिझाला कामगारांच्या कबरी सापडल्या, त्यांची अख्खी वस्ती उकरून निघाली, त्यात भट्ट्या आणि ढीगभर जनावरांची हाडं, म्हणजे या लोकांना मांस चांगलं मिळत होतं. आणि 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जार्फला पपायरसचे तुकडे मिळाले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड बोटीने गिझाला कशी नेत होती त्याच्या नोंदी, खुद्द खुफूच्या काळातल्या! पुस्तकात अजूनही चाबूक मारणारे मुकादम आणि साखळदंडातले गुलाम एवढंच असेल तर त्या लेखकाने बऱ्याच वर्षांत नवीन काही वाचलेलं नाही. आणि ज्या पुस्तकात हिरोडोटसचा आकडा देऊन मग मेरेर काय सांगतो हेही दिलंय, ते मी डोळे झाकून घेते.

मोहेंजोदडोचं तसंच. तिथे सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाने 1940 च्या दशकात आर्यांनी केलेल्या कत्तलीची कल्पना मांडली आणि ती पुढे कितीतरी पुस्तकांत उतरली. 1964 मध्ये जॉर्ज डेल्स या दुसऱ्या पुरातत्त्वज्ञाने दाखवून दिलं की हे सांगाडे एका दिवसाचे काय एका काळाचेही नाहीत, वेगवेगळ्या थरांतले आहेत, आणि कत्तल झाल्याचा दुसरा काही पुरावा शहरात नाही. इतकी वर्षं उलटून गेली तरी कत्तलीचं चित्र काही ठिकाणी अजून छापलं जातं. सिंधू लिपीचं पण बघा. ती अजून वाचता आलेली नाही, एका लेखात सरासरी पाचेक चिन्हं असतात, एवढ्या तुटपुंज्या मजकुरावरून भाषा ठरवणं फार अवघड आहे, आणि दोन लिप्यांत किंवा दोन भाषांत एकच मजकूर असलेला लेखही मिळालेला नाही. हे ‘माहीत नाही’ सरळ लिहिणारं पुस्तक मला विश्वासाचं वाटतं. सिंधूच्या लोकांचा देव अमुक, राजा तमुक असं ठामपणे सांगणारं नाही वाटत, मग चित्रं कितीही सुंदर असोत.

आता मुख्य मुद्दा, मूळ साधनं म्हणजे प्रायमरी सोर्स. एकच मुख्य पुस्तक ठेवायचं, क्रम समजण्यापुरतं, फार जाड नको, आणि वाचनाचा बाकी सगळा वेळ त्या काळच्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टींना द्यायचा असं माझं मत आहे. मुलांना झेपणार नाही अशी भीती असते पण छोटे तुकडे निवडले तर मस्त झेपतं. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदे घ्या. सगळे वाचायची गरज नाही, चार-पाच पुरेत. डोळ्याच्या बदल्यात डोळा सगळ्यांना माहीत असतो, पण तो नियम बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर आहे, खालच्या दर्जाच्या माणसाचा फोडला तर चांदीचा दंड, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या अर्धे पैसे मालकाला. आणि घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर घर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं! मुलांपुढे हे ठेवलं की आपल्याला काही शिकवावं लागत नाही, न्याय म्हणजे काय यावर तेच तावातावाने बोलायला लागतात. आणि हम्मुराबीच्या जोडीला त्याच सुमाराचं, मेसोपोटेमियातल्या उर शहरातलं नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाचं पत्र ठेवा, ब्रिटिश म्युझियममध्ये ती मातीची पाटी आहे, एया-नासिर नावाच्या व्यापाऱ्याने तांबं खराब दिलं आणि माझ्या माणसाशी नीट वागला नाही अशी तक्रार आहे त्यात. कायद्याच्या शिळेवर राजाला जग कसं दिसावंसं वाटत होतं ते कळतं, आणि या पाटीवरून बाजारात रोज काय चालायचं ते.

मला सगळ्यात जास्त शिकवणारी जोडी मात्र कादेशच्या लढाईची वाटते (कादेश म्हणजे आजच्या सीरियातलं एक शहर). इ.स.पू. 1274 च्या सुमाराला इजिप्तचा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांचा राजा मुवातल्ली यांची लढाई झाली, रामसेसने देवळांच्या भिंतींवर आपला दणदणीत विजय कोरून ठेवला. पण लढाईनंतर कादेश हित्तींकडेच राहिलं. पुढे पंधराएक वर्षांनी दोघांच्यात तह झाला (तोवर हित्तींच्या गादीवर हत्तुसिली आला होता) आणि त्या तहाची इजिप्तची प्रत पण उरलीय आणि हित्तींच्या राजधानीतल्या मातीच्या पाट्याही. इजिप्तच्या प्रतीत हित्ती शांतता मागायला आले, हित्तींकडे मिळालेल्या प्रतीत रामसेस पुढाकार घेतो. एकाच घटनेची दोन्ही बाजूंची कागदपत्रं इतक्या जुन्या काळातली मिळणं दुर्मिळ आहे, त्यामुळे जे रिसोर्स इजिप्तच्या प्रकरणात फक्त रामसेसची भिंत दाखवून थांबतं ते मुलांना अर्धवट शिकवतंय असं मला वाटतं.

अशोकाच्या बाबतीतही हेच. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धात एक लाख मारले गेले, दीड लाख लोक तिथून नेले गेले आणि राजाला पश्चात्ताप झाला हे सगळी पुस्तकं सांगतात. पण त्याच लेखात जंगलातल्या लोकांना इशारा आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यात ताकद आहे, हे फार थोडी पुस्तकं सांगतात. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही, त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. का बरं? यावर मुलांना पानभर लिहायला सांगा, कुठलीही वर्कशीट याच्या जवळपास येणार नाही. वर्कशीटमधल्या गाळलेल्या जागा या वयात मी पूर्ण बंद कराव्या म्हणेन.

भाषांतराकडे जरूर लक्ष द्या. नेटवर फुकट मिळणारी भाषांतरं बहुतेक एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, कॉपीराइट संपलेली असतात, इंग्रजी जड, वाक्यं अर्धा-अर्धा पान, आणि मूल दुसऱ्या पानावर कंटाळलं की आपल्याला वाटतं त्याला इतिहासच आवडत नाही. थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने अथेन्समधल्या साथीचं (इ.स.पू. 430) वर्णन केलंय, त्याला स्वतःला तो आजार होऊन गेला होता, अंगावर येणारं वर्णन आहे, पण ते अलीकडच्या भाषांतरात वाचा. तुकडा लहान असेल तर आपण आधी वाचून मराठीत सांगायचा आणि मग मूळ परिच्छेद पुढे ठेवायचा, हे चांगलं चालतं.

ऑनलाइन मध्ये पर्सियस डिजिटल लायब्ररी ग्रीक-रोमन मजकुरांसाठी, ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचे संग्रह वस्तूंसाठी (वस्तू कुठे सापडली, कशाची आहे, केव्हाची, सगळं लिहिलेलं असतं, आणि ‘कुठे सापडली’ हे माहीत नसेल तर ते का, हाही एक धडा), गिझाच्या पिरॅमिडांसाठी आणि उत्खननांसाठी हार्वर्डचा डिजिटल गिझा, आणि स्टॅनफर्डचा ऑर्बिस, ज्यात रोमन काळात एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला किती दिवस आणि किती खर्च लागेल ते बघता येतं, ऋतूप्रमाणे बदलतं सुद्धा. भूगोल आणि गणित दोन्ही होतं त्यात. व्हिडिओंच्या बाबतीत मी कडक आहे. नावात ‘रहस्य’ असलं आणि आत दहा मिनिटांत एकाही उत्खननाचं नाव आलं नाही की बंद. आता तर एआयने बनवलेली प्राचीन शहरांची चित्रं खऱ्या फोटोसारखी फिरतात. पुनर्रचनेचं चित्र असेल तर त्यात सापडलेलं किती आणि अंदाजाने काढलेलं किती हे सांगणारं हवं.

टाइमलाइन विकतची नको, मुलांनीच बनवावी, आणि उभ्यापेक्षा आडवी जास्त उपयोगी. इ.स.पू. तिसरं शतक घ्या, अशोक राज्य करतोय, रोम आणि कार्थेज लढतायत, इराटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान अलेक्झांड्रियात बसून पृथ्वीचा परीघ मोजतोय, आणि 221 मध्ये चिनी राज्यं एका सम्राटाखाली येतायत. देश-देश वेगळं शिकवणाऱ्या पुस्तकात हे कधी दिसतच नाही. आणि शून्य साल नसतं हे सुरुवातीलाच सांगून टाका, इ.स.पू. 5 ते इ.स. 5 म्हणजे नऊ वर्षं, दहा नाही, नाहीतर सगळे हिशोब एकाने चुकत राहतात.

हिंसा आणि गुलामगिरी टाळू नका, पण आधी स्वतः वाचा. असिरियन शिल्पांमध्ये लाखिश हे शहर जिंकल्यावरची दृश्यं फार क्रूर आहेत, बारा वर्षांच्या मुलाला झेपतील की नाही हे आई-बापालाच माहीत.

सगळं कव्हर करायचा हट्ट सोडा. वर्षभरात पाच-सहा संस्कृती नीट झाल्या तरी खूप, एखादी पूर्ण सुटली तरी पुढच्या फेरीत ती येतेच किंवा मूल स्वतः वाचतं. सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी कादेशपासून म्हणते, दोन छोटे उतारे, एक नकाशा, दोन मुलं असतील तर एकाने रामसेसची बाजू घ्यायची, दुसऱ्याने हित्तींची, आणि मुख्य पुस्तकातलं प्रकरण ते भांडण होऊन गेल्यावर उघडायचं.