लिंकनच्या खऱ्या चिठ्ठ्या

लिंकनचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलंय, आणि ते त्याने लिहिल्याचा पुरावाच नाही हे कळल्यावर मी जरा हिरमुसलोच होतो. मग त्याने खरंच लिहिलेली टिपणं वाचायला घेतली आणि त्या पत्राचं काही वाटेनासं झालं.

साधारण १८५४ सालचं एक टिपण बघा. अ म्हणतो, मी ब ला गुलाम करणार. का? तर मी गोरा. मग जपून रे बाबा, तुझ्याहून गोरा पहिला माणूस भेटला की तू त्याचा गुलाम. बरं रंग नाही, अक्कल म्हणतोस? मग तुझ्याहून हुशार भेटेपर्यंतच. फायदा म्हणतोस? मग ज्याला तुझ्यात फायदा दिसेल तो तुला नेईल. विषय संपला! सरळसरळ भूमितीतली सिद्धता आहे ही, आणि का नसेल, सगळी मिळून वर्षभरसुद्धा शाळा न पाहिलेल्या ह्या माणसाने काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, टर्म झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, युक्लिडचे सहा खंड स्वतःच बसून जवळपास पचवले होते. १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये बोलायचं ठरलं तेव्हाही तेच, संविधानावर सही करणारे ३९ जण, त्यातल्या कोणी कधी काय मत दिलं ते शोधत बसला आणि गुलामगिरीला आळा घालायच्या बाबतीत २१ जण आपल्या बाजूचे आहेत हे मोजून दाखवलं.

पण अमेरिकेतलं यादवी युद्ध आलं आणि इथे मला तो खटकतो. १८३८ मध्ये स्प्रिंगफिल्डला, वय २८, हाच माणूस सांगत होता की कायदा पाळणं हाच देशाचा धर्म व्हायला हवा, आणि एप्रिल १८६१ मध्ये ह्यानेच काँग्रेसला न विचारता हेबियस कॉर्पस थांबवायची सूट लष्कराला दिली, म्हणजे पकडलेल्याला कोर्टापुढे आणायची भानगडच नाही. सरन्यायाधीश टेनी म्हणाले हा अधिकार काँग्रेसचा, ह्याने ऐकलं नाही. त्याचं म्हणणं, एक कायदा जपायला बाकीचे सगळे मोडू द्यायचे का? ऐकायला भारी आहे, पण त्याचंच अ आणि ब लावून बघा ना, उद्या तुझ्याहून मोठं संकट सांगणारा अध्यक्ष आला तर?

ह्याचं उत्तर त्याच्या युक्तिवादात मला सापडलं नाही, थोडंफार सापडलं ते दुसऱ्या एका चिठ्ठीत. युद्ध चालू असताना १८६४ ची निवडणूक त्याने पुढे ढकलली नाही, आणि २३ ऑगस्टला लिहून ठेवलं की आपण बहुतेक हरणार, तेव्हा नव्या अध्यक्षाला सहकार्य करून त्याने सूत्रं घ्यायच्या आत संघराज्य वाचवायचं. कागद बंद केला आणि आत काय आहे ते न दाखवता मागच्या बाजूला कॅबिनेटच्या सह्या घेतल्या. नोव्हेंबरात जिंकल्यावर त्याने ती चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडायला सांगितली, तर ती अशी काही चिकटवलेली की सेक्रेटरीला कापावी लागली.